ह्यो आपला निळा न्हवं

त्या पेंटरच्या आवारात शिरायचं तर आधी अंगातला सदरा काढून फाटकाच्या खिळ्याला लावावा लागे. पांढरा असला तर चाले. पण तांबडा, हिरवा, चौकड्याचा, कसलाही रंगीत सदरा आत आला की तो हातातला ब्रश खाली ठेवून उभा राही. माणूस परत फाटकाबाहेर जाईतोवर नुसता बघत राही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, ह्याच्या घरात कोण वारलंय की काय.

"सदरा काडा पाव्हणं," तो म्हणाला.

"का? आंघोळ घालणार हायेस?"

"तुमचा तांबडा माज्या पत्र्यावर पडतोय."

मी खाली वाकून पत्रा बघितला. माझं त्यावर काहीच पडलेलं नव्हतं.

"तुमाला दिसत न्हाई. मला दिसतंय," तो म्हणाला. "काडा."

नातवंडं असलेला माणूस मी, परक्याच्या दारात बंडीवर बसलो. शेजारी बघतो तर त्या भागातला एक पुढारी माझ्यासारखाच बनियनवर बसलेला. त्याचा गुलाबी फेटा फाटकावर लोंबत होता. चारचौघांत ज्याच्या पुढंमागं माणसं पळतात, तो तिथं पोट झाकून गप होता. मला बघून त्यानं मान फिरवली. मीही फिरवली.

हे आवार रहिमतपुरात. तिथं तो जुने छोटे ट्रॅक्टर नव्यासारखे करून देई. बागेत, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जातात ते अरुंद, बुटके ट्रॅक्टर. इंजिनाला तो हात लावत नसे. त्याचं काम रंगाचं. ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला त्या दिवशी जो रंग होता, तोच रंग तो परत चढवी. त्यासाठी सांगली-साताऱ्याकडची माणसं टेम्पोत ट्रॅक्टर घालून त्याच्याकडं येत. कुणाला बापाची आठवण ठेवायची असे, कुणी फौजेतून रिटायर होऊन आलेला असे आणि त्याला लहानपणीचा ट्रॅक्टर जसाच्या तसा पाहिजे असे. कंपनीचं रंगांचं कार्ड कुणी पुढं केलं तर तो ते उलटं करून परत देई. म्हणे, "ही लग्नाची पत्रिका झाली. नवरा कसा हाय ते हिच्यात कळतंय व्हय?"

मग खरा रंग कुठं बघायचा, असं विचारलं की तो विचारणाऱ्याचा हात धरून वर उचली आणि त्याची काख सगळ्यांना दाखवी. पुढाऱ्याचीही दाखवली, माझ्या देखत. "ही बगा. तोंड ऊन खाऊन काळं झालंय, पर मूळचा माणूस हितं हाय. ट्रॅक्टरचा मूळचा रंग बी असाच. सीटखाली, नावाच्या पट्टीमागं. जितं ऊन गेलं न्हाई तितं." पुढारी लाल झाला. त्यावरही पेंटर म्हणाला, "तांबडं हू नका सायेब, पडतंय पत्र्यावर."

त्याच्या आवारात भिंती चुन्याच्या आणि खाली राखेच्या रंगाची फरशी. बाकी रंग म्हणून नाही. शेजाऱ्याची बोगनवेल कंपाउंडवर आली, फुलली. ह्यानं तिच्यावर पांढऱ्या चादरी बांधल्या. शेजारी भांडायला आला तर त्यालाही सदरा काढायला लावला. रंगपंचमीला फाटकाला कुलूप. एका वर्षी भावकीतल्या कुणीतरी वरून पिचकारी मारली, तर पठ्ठ्यानं सगळं आवार धुतलं आणि भिंतींना नवा चुना दिला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या तर त्याची बायको पाटी डोक्यावर घेऊन बहिणीच्या माडीवर जायची.

आणि तीच बाई बघून मी खरा हबकलो. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली ती पांढऱ्याधोट लुगड्यात. कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात डोरलं, नवरा समोर धडधाकट उभा, आणि बाई पांढऱ्यात. आमच्याकडं नवरा गेलेल्या म्हातारीनं असं नेसायचं. मी तांब्या तसाच खाली ठेवला.

तिनं माझं तोंड ओळखलं. "आवं, वर्दी हाय ही," ती म्हणाली. "पोलिसाला खाकी, मला पांढरं. सणाला जाते तवा नेसते की लाल-पिवळं."

"आन कुंकू चालतंय ह्याला?"

"न्हाई म्हनत हुता. म्या सांगितलं, कुंकवाचा रंग पडत असंल तर पडू द्या तुमच्या पत्र्यावर. ते पुसायची न्हाई."

पेंटर ऐकत होता. एवढ्या एका ठिकाणी तो हरलेला दिसला.

आमचा ट्रॅक्टर निळा. तासगावाजवळच्या आमच्या रानात पहिली द्राक्षबाग लावली, त्याच वर्षी घेतला. पुढं मी त्याच्यावर हाताला येईल तो ऑइलपेंट मारत गेलो. एकदा निळा, एकदा दुसरा निळा, एकदा निळा संपला म्हणून खालून करडा. पोरगा पुण्याहून आला की म्हणायचा, भंगारात घाला. आमची मंडळी त्याला म्हणायची, "तुजा बा बी जुनाच हाय की रं. त्याला बी घालू?"

ती गाडी पहिल्या दिवशी होती तशी करायची, हे तिच्याच मनातलं. दरसाल खंडेनवमीला ट्रॅक्टर ती धुवायची. मी फक्त हार आणायचो. सीटखाली हात घालून, चाकाच्या आत डोकं घालून, लुगड्याचा ओचा खोवून ती दुपारपर्यंत धूत बसे. मी म्हणायचो, म्हशीला इतकं धुतलं असतंस तर दूध वाढलं असतं.

तर पेंटरनं सीट काढली, खाली पातं घातलं आणि माझे सगळे ऑइलपेंट एकेक करून खरवडले. माझी लाजच निघत होती. शेवटी नखाएवढा मूळचा निळा लागला. त्यानं तो सावलीत नेऊन पुन्हा पुन्हा बघितला, वाटीत रंग कालवले, पत्र्याच्या तुकड्यांवर लावले. मग मला म्हणाला, या नंतर. मी गेल्यावर त्यानं सगळा ट्रॅक्टर घासून लोखंडापर्यंत नेला. जुन्याचा कणसुद्धा ठेवला नाही. खाली जुनं ठेवलं तर नवं नासतं, हा त्याचा नेम.

न्यायला गेलो तेव्हा मंडळी बरोबर आली. ती हिरव्या लुगड्यात. फाटकातच त्यानं हात आडवा केला.

"वैनी, हिरवं चालणार न्हाई. घरात जावा, हिचं पांढरं गुंडाळून या."

मला वाटलं आता ही ह्याला चपलेनं हाणते. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. "नवरा हितं हुबा हाय आन मी पांढरं गुंडाळू? भाऊजी, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"मग बाहेरनं बगा."

तिनं फाटकाबाहेरून बघितलं. ट्रॅक्टर नुसता चकाकत होता. मी म्हणालो, झ्याक! तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं, दोन पावलं सरकून बघितलं. मग म्हणाली, "ह्यो आपला निळा न्हवं."

पेंटर हसला. "का वो?"

"ह्यात हिरवट मारतंय. आपल्यात हिरवं नव्हतं."

"तुमच्या लुगड्याचं हिरवं पडतंय ते."

"इतनं? फाटकातनं?"

"मला दिसतंय. तुमाला कळायचं न्हाई."

मग तिनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. चपला काढल्या, फाटकातून आत आली आणि सरळ त्याच्या घरात गेली. बाहेर आली ती पेंटरच्या बायकोचं पांढरं लुगडं डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून. मी ओरडलोच, "काड ते! काय करती तू?" पेंटरची बायको दारात तोंडावर पदर धरून उभी. आणि ही माझ्याकडं न बघता ट्रॅक्टरपाशी गेली, बॉनेटवर वाकली, मडगार्डवर वाकली, एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"आजून हाय हिरवट," ती म्हणाली. "आता कशाचं पडतंय?"

पेंटरचा चेहरा दगडासारखा झाला. एवढ्या वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नसेल. मी म्हणालो, "ती धुती त्याला दरसाल. सांगती तर बग की परत एकदा."

"काय बगू? समदं घासलंय. जुनं ऱ्हायलंय कुठं?" त्याचा आवाज चढला. "रंगात मी म्हातारा झालोय. बाईमाणसानं येऊन मला निळा शिकवायचा? न्यायचा तर न्या, न्हाईतर ठेवा हितंच. आन वैनी, परत ह्या फाटकात येऊ नका."

मंडळीनं लुगडं सोडलं, नीट घडी केलं, पेंटरच्या बायकोच्या हातात दिलं. तिला म्हणाली, "आक्का, ह्यांचं डोळं दाखवा कुणाला तरी." टोमणाच होता तो. आम्ही सगळ्यांनी टोमणा म्हणूनच ऐकला.

ट्रॅक्टर घरी आणला. गाव बघायला आलं, वाहवा झाली. मंडळीनं भांडण केलं नाही, पण त्याला ती "पाव्हणा" म्हणायला लागली. "पाव्हण्यात डिझेल हाय का?" "पाव्हणा बाहेरच हुबा हाय, आत घ्या." मी म्हणायचो, आता बास की. ती म्हणायची, बास तर बास, पर पाव्हणा तो पाव्हणाच.

पुढचा हिवाळा सरता सरता ती गेली. बेदाण्याच्या शेडवर काम बघत होती, छातीत कळ आली म्हणाली, आणि तासगावला नेईपर्यंत संपली. हिरव्या लुगड्यात, कपाळाला मळवट भरून नेली तिला. बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मी म्हणालो, भाग्य घाला चुलीत. तिच्यामागं मला काय लागलंय ते मी ह्या कागदावर लिहिणार नाही. घरात भांडं पडलं तरी मी कुणावर ओरडू, एवढंच सांगतो.

त्यानंतर एके दिवशी सकाळी तो पेंटर माझ्या अंगणात उभा. एसटीनं आलेला. खांद्याला पिशवी, पिशवीत डबे. डाव्या डोळ्यावर काळा चष्मा लोंबतोय. मागं त्याची बायको, पांढऱ्यातच. मला राम राम नाही, काही नाही. सरळ शेडमध्ये ट्रॅक्टरपाशी गेला. चष्मा काढला. उजव्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं. मग डाव्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं. परत उजव्या. परत डाव्या. मग तिथंच शेणाच्या पाटीवर बसला.

"काय झालंय रं ह्याला?" मी विचारलं.

त्याच्या बायकोनं सांगितलं. त्याला मोतीबिंदू झाला होता, दोन्ही डोळ्यांत, कित्येक वर्षं, हळूहळू. त्याला कळलंच नाही. मिरजेला नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी निघाल्यावर घरी आला आणि तिच्यावरच ओरडला, निळं का नेसलीस म्हणून. ती म्हणाली, आवं पांढरंच हाय. हा ऐकेना. पेटीतलं दुसरं काढून दाखवलं, तेही निळं. मग भिंतीकडं बघितलं, भिंतीही निळसर. तेव्हा त्याला उमगलं. इतकी वर्षं तो पिवळ्या काचेतून बघावं तसा बघत होता. पांढरं म्हणून जे बघत होता ते पांढरं नव्हतं. आणि निळ्यातला फरक तर त्याला दिसतच नव्हता. भिंतीवर टांगलेले नमुन्याचे पत्रे त्यानं त्या नव्या डोळ्यानं बघितले आणि जेवण सोडलं.

"ह्या जुन्या डोळ्याला बरोबर हाय," तो पाटीवर बसून म्हणाला, "आन ह्या नव्या डोळ्याला हिरवट हाय. वैनी म्हनल्या तसा. तितकाच." मग मान वर केली. "वैनीला बोलवा. हिरवंच नेसून येऊ द्या. मला त्यांच्या पाया पडायचंय."

मी नुसती मान हलवली.

"माहेरी गेल्यात का?"

"न्हाई," मी म्हणालो. "गेली ती."

"कुठं?"

काय सांगायचं असल्या माणसाला? त्याच्या बायकोला तोवर उघड्या दारातून आतल्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला होता. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोट केलं. पेंटरनं त्या फोटोकडं बघितलं, एका डोळ्यानं, मग दुसऱ्या. आणि असा आवाज काढला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मी माझ्या बायकोच्या मयतात कुणाला तसं रडताना बघितलं नाही. मला राग आला. म्हणालो, "रडायचं असंल तर बाहेर जा. हितं रडायचा हक्क माजा हाय."

त्यानं रडं आवरलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मला तो रंग काडून द्यायचाय. काय घेणार न्हाई. पर जुनं कुठं बगू? म्याच समदं घासलं."

तेव्हा मला धक्का बसला तो वेगळाच. तिचा निळा ज्याच्यावर होता, तो ह्या माणसानं माझ्या संमतीनं लोखंडापर्यंत उतरवला होता. आणि तो ओळखणारं माणूस मी जाळून आलो होतो. आता जगात तो रंग कुठंच नव्हता.

पेंटर ट्रॅक्टरखाली आडवा झाला. कुठं कुठं बोट घातलं असेल त्यानं! पेडलच्या मुळाशी, पत्रा दुमडतो तिथं, बॅटरीच्या खोक्याखाली. सगळीकडं त्याचंच काम. इतकं चांगलं काम केलं होतं की स्वतःलाच शिव्या देत होता. जेवायला उठेना. शेवटी डाव्या मडगार्डचे बोल्ट त्याला दिसले. गंजलेले, त्या वेळी सुटले नव्हते म्हणून त्यानं वरूनच रंगवले होते. गंजावर डिझेल सोडून, ठोकून ते काढले. मडगार्ड आणि ते धरणारी पट्टी यांच्या मधे, जिथं पत्र्यावर पत्रा दाबून बसलेला असतो, तिथं चिंचोक्याएवढा निळा होता. ऊन न लागलेला, पाणी न लागलेला, माझा ऑइलपेंट न लागलेला.

त्यानं पिशवीतले डबे मांडले. उजवा डोळा रुमालानं बांधून टाकला आणि नव्या डोळ्यानं रंग कालवला. पत्र्याचा तुकडा रंगवून सावलीत ठेवला. आम्ही तिघं बसून राहिलो. वाळल्यावर त्यानं तो तुकडा त्या चिंचोक्याला लावून बघितला, मग माझ्यापुढं धरला.

"ह्यो बगा. ह्यो तुमचा निळा."

मी बघितला. स्वच्छ, गार निळा होता. पण मला तो ओळखीचा वाटेना. माझ्या तोंडातून निघून गेलं, "ह्यो आमचा न्हवं."

पेंटरनं माझ्याकडं बघितलं. त्याची बायकोही बघायला लागली. इतकी वर्षं मी त्या सीटवर बसलो, ऊन-वाऱ्यात तो चालवला, आणि त्याचा रंग मला माहीत नव्हता. मी कधी बघितलाच नव्हता. बघायचं काम तिचं होतं. असं अजून किती काय तिनं बघून ठेवलं होतं आणि बरोबर नेलं, कुणाला ठाऊक.

"ह्योच हाय आण्णा," पेंटर हळू म्हणाला. "वैनी असत्या तर सांगितलं असतं त्यांनी."

"मला ठावं हाय," मी म्हणालो.

"मग उद्यापासनं लागतो. समदा घासतो, परत लोखंडापतूर..."

"न्हाई," मी म्हणालो. "घासायचं न्हाई आता काय. हे डावं मडगार्ड तेवढं कर."

त्याला कळेना. "आन बाकीचा?"

"बाकीचा ऱ्हाऊ दे. त्याच्यावर मी बसतो, मला चालतो. मळ्यात जाताना ती ह्या मडगार्डवर बसायची. तिची जागा तेवढी तिच्या रंगाची कर."

तो उभाच राहिला. "दोन निळं? एका गाडीवर?" जसं काही मी त्याला देवळात चप्पल घालून जायला सांगत होतो. "मला न्हाई जमायचं आण्णा. माज्या हातानं असलं कधी झालं न्हाई. लोक काय म्हणत्याल?"

"म्हणू दे."

"दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या."

"तुज्याच हातानं," मी म्हणालो. "तिला फाटकाबाहेर काढलीस ती कुणाच्या हातानं?"

मग त्यानं मडगार्ड घासलं, अस्तर दिलं, वाळायला दिवस दिला. माझ्या ओसरीवर नवरा-बायको राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं ब्रशनं कोट मारला, फवारायची गन नाही, कॉम्प्रेसर नाही. तरी ब्रशची रेघ कुठं दिसली नाही. त्याची बायको मधेच उठली आणि माझ्या घरात जाऊन मंडळीच्या पेटीकडं बोट करून विचारलं, "भाऊजी, हिच्यातलं एक नेसू का?" मी हो म्हणालो. हिरवं नेसून ती बाहेर आली आणि ट्रॅक्टरच्या अगदी जवळ उभी राहिली. पेंटरनं ब्रश थांबवला, तिच्याकडं बघितलं, आणि परत कोट मारायला लागला.

त्यानंतर त्यानं रंगाचं काम सोडलं असं ऐकलं. जिथं जिथं निळे ट्रॅक्टर दिले तिथं तिथं जाऊन आला म्हणे, माफी मागून आला. बहुतेकांनी हसून चहा पाजला. कुणाच्याच घरात ओळखणारं माणूस नव्हतं.

गाव मला विचारतं, आण्णा, एका बाजूचं मडगार्ड वेगळं का? जुळवायला पेंटर मिळाला न्हाई व्हय? मी ट्रॅक्टर सुरू करतो. बागेकडं निघालो की कुणीतरी गडी वाटेत हात करतो, उडी मारून डाव्या मडगार्डवर बसायला बघतो. मी ट्रॅक्टर थांबवतो.

"तितं नको बसू रं," म्हणतो. "रंग वला हाय."